घरातले ज्ञान वर्गात

प्रश्न : मी तुर्भे येथील एका शाळेत सातवीला शिकवते. माझ्या वर्गातील मुलांचे पालक सोलापूर, नांदेड, कलबुर्गी, काही तर उत्तर प्रदेशातून आलेले असून ते बाजार समितीत, दगडखाणीत किंवा बांधकामावर काम करतात. मुले मात्र गावाचे नाव सांगायलाही लाजतात. लुइस मोल या शिक्षणतज्ज्ञाच्या कामाचा येथे उपयोग होईल का?
— एक शिक्षिका, नवी मुंबई

उत्तर : होईल, मात्र त्यासाठी तुम्हाला शाळेबाहेर पडावे लागेल. मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या टूसॉन शहरात मेक्सिकन वंशाच्या कामगार कुटुंबांचा अभ्यास केला. त्यावरचा त्यांचा गाजलेला लेख १९९२ सालचा आहे. या अभ्यासात शिक्षक स्वतः मुलांच्या घरी गेले, आणि तेही गैरहजेरीची चौकशी करायला नव्हे, तर घरातल्या माणसांना काय काय येते हे समजून घ्यायला. शेती, खाणकाम, बांधकाम, घरगुती औषधे यांची केवढी तरी जाण तिथे आढळली, जिची शाळेला गंधवार्ताही नव्हती. आपला एक विद्यार्थी मेक्सिकोहून आणलेली मिठाई विकतो, हे एका शिक्षिकेला अशाच भेटीत कळले. तिने मिठाई हाच अभ्यासाचा विषय केला, मुलांना दोन्ही देशांतल्या मिठायांमधील घटकपदार्थांची तुलना करायला लावली आणि एका पालक महिलेला मिठाई करून दाखवण्यासाठी वर्गात बोलावले.

तुमच्याकडे तर सामग्री भरपूर आहे. घाव नेमका कुठे घातला म्हणजे दगड सरळ फुटतो, हे खाणीतल्या पालकाने वर्गात सांगितले, तर बेसॉल्ट खडकाचा धडा मुले विसरणार नाहीत. आवक, तोलाई आणि भाव यांचा हिशेब तर माथाडी पालकाच्या रोजच्या कामातला आहे. फक्त मुलाला सर्वांसमोर उभे करून गाव विचारू नका. आधी घरी जा, पालकांशी बोला. वर्षातून एकदा पारंपरिक वेशभूषा दिन साजरा करणे म्हणजे हे काम नव्हे, आणि मुलाच्या स्वतःच्या मजुरीचे कौतुक करणे तर मुळीच नव्हे.

अर्थात, घरभेटींनी कागदपत्रांची अडचण सुटत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम ५ नुसार, आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. परंतु हे संरक्षण आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरते आहे. त्यामुळे तुमच्या वर्गातील ज्या मुलांचे दाखले अजून गावाकडच्या शाळेत अडकले असतील, ते शाळेमार्फत पत्र पाठवून याच वर्षी मागवून घ्यावेत.