'आभासी चलन' : या जोडशब्दातलं आभासी काय आणि चलन काय?

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: "आमच्याकडे वादविवाद स्पर्धेसाठी 'आभासी चलन हे पर्यावरणावरचं संकट आहे' असा विषय ठरला होता. एका परीक्षकांच्या मते 'आभासी' चूक आहे, 'कूटचलन' म्हणा. दुसरे म्हणाले, आभासी म्हटलं तर डिजिटल रुपयाही त्यात आला, मग मुलं बोलणार कशावर? शिवाय 'हवामान बदल' लिहायचं की 'वातावरण बदल', यावरही एकमत नाही. योग्य काय?"

तुमच्या परीक्षकांच्या दोन्ही शंका रास्त आहेत. बोलण्यात 'आभासी चलन' म्हणजे बहुधा बिटकॉइनसारखं क्रिप्टो: कोणत्याही सरकारने न काढलेली, संगणकांच्या जाळ्यावर चालणारी डिजिटल नाणी. या एका शब्दाने मराठीतल्या सगळ्या चर्चेची वाट चुकवली आहे असं मला बरेच दिवस वाटतं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'आभासी'. हा शब्द आपण सगळे शाळेत शिकलो, तो विज्ञानाच्या तासाला. सपाट आरशातली प्रतिमा आभासी असते, पडद्यावर घेता येते ती वास्तव. आरशामागे कोणी नसतं, पण प्रकाशकिरण तिथूनच आल्यासारखे भासतात. तिथे 'आभासी' शब्द चपखल आहे, त्याहून चांगला सुचवता येणार नाही. पुढे संगणक आले आणि इंग्रजीतला 'व्हर्च्युअल' जिथे दिसेल तिथे आपण प्रकाशशास्त्रातला हा तयार शब्द चिकटवत गेलो. आभासी वास्तव झालं, करोनाच्या काळात आभासी वर्ग आणि आभासी सभा झाल्या. त्या वर्गांत मुलं खरोखर शिकत होती आणि सभांमध्ये खरोखर ठराव होत होते, तरी ते सगळं आभासी.

गोम अशी की 'व्हर्च्युअल'चा मूळ अर्थ जवळजवळ उलटा आहे. लॅटिनमधल्या 'विर्तुस'चा, म्हणजे गुण किंवा बळ यांचा, तो वंशज. नावाने नसलं तरी गुणाने आणि परिणामाने जे तेच असतं, ते व्हर्च्युअल. आपल्याकडे 'तो नावाला कारकून, पण सगळा कारभार त्याचाच' असं म्हणतात. त्यातला कारभार हा व्हर्च्युअल. मराठी 'आभासी'चा रोख बरोबर विरुद्ध दिशेला आहे: दिसतं, पण नसतं. म्हणजे इंग्रजी वाचक 'व्हर्च्युअल करन्सी' वाचतो तेव्हा 'चलनासारखं काम करणारं काहीतरी' असं समजतो, आणि मराठी वाचक 'आभासी चलन' वाचतो तेव्हा 'चलनाचा नुसता भास' असं समजतो. वाद सुरू होण्याआधीच शब्दाने निकाल देऊन टाकलेला असतो. वादविवादाच्या विषयात असा शब्द घालणं म्हणजे एका बाजूच्या मुलांना दहा पावलं मागे उभं करणं.

हा शब्द वृत्तपत्रांनी हौसेने आणलेला नाही, हेही सांगायला हवं. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३मध्ये लोकांना पहिल्यांदा सावध केलं, तेव्हा 'व्हर्च्युअल करन्सी' हेच शब्द वापरले होते. एप्रिल २०१८च्या ज्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं, त्यातही तेच. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. मग २०२२च्या अर्थसंकल्पात ३० टक्के कर लागला, पण कायद्याने तेव्हा 'चलन' हा शब्द टाळून 'व्हर्च्युअल डिजिटल अ‍ॅसेट' असं लिहिलं. मराठीत त्याचं 'आभासी डिजिटल मालमत्ता' झालं. कायद्याने 'चलन' टाळलं, आपण मात्र बोलताना आणि लिहिताना ते टाळलं नाही.

आता 'चलन'. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्याची कसोटी त्याच्या पोटातच आहे: जे चालतं ते चलन. दुकानदार फाटकी नोट परत करताना 'ही चालणार नाही' म्हणतो, 'ही वैध नाही' म्हणत नाही. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा चलनातून बाद झाल्या. नोट तीच, कागद तोच, हातात धरता येत होती, तिच्यात आभासी काहीच नव्हतं. तरी ती चलन राहिली नाही. उलट १९ मे २०२३ला दोन हजारची नोट चलनातून मागे घेतली, तेव्हा ती कायद्याने वैधच राहील असंही सांगितलं गेलं. वैध असणं आणि चलनात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठीला आधीपासून ठाऊक आहे.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण म्हणजे दहाचं नाणं. हे नाणं खोटं आहे, बंद झालं आहे अशी अफवा उठली आणि आपल्याकडे कितीतरी बाजारांत, एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांवर ते कोणी घेईना. जानेवारी २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत. मी स्वतः त्या काळात बँकेच्या कॅश काउंटरवर बसायचो. लोक पिशव्या भरून नाणी आणत आणि 'घ्या हो, बाहेर चालत नाहीत' म्हणत. कायदा म्हणत होता चलन आहे, बाजार म्हणत होता चालत नाही. बिटकॉइनची अवस्था याच्या बरोबर उलट: काही लोकांमध्ये ते चालतं, कायदा म्हणतो चलन नाही. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरने सप्टेंबर २०२१मध्ये त्याला अधिकृत चलनाचा दर्जा दिला, तेव्हा तिथल्या दुकानदारांपुढे दहाच्या नाण्याचाच प्रश्न आला असणार: सरकार म्हणतंय खरं, पण गिऱ्हाईक देणार आहे का आणि पुढचा घेणार आहे का?

या कसोटीला लावलं की डिजिटल रुपयाचा घोळ आपोआप सुटतो. १ डिसेंबर २०२२पासून सामान्यांसाठी त्याची चाचणी सुरू झाली. पहिल्या चार शहरांत मुंबई होती. तो रिझर्व्ह बँक स्वतः काढते. त्यासाठी १९३४च्या रिझर्व्ह बँक कायद्यात 'बँक नोट' या संज्ञेची व्याख्याच २०२२मध्ये बदलली आणि नोट कागदी असो की डिजिटल, दोन्ही नोटाच ठरल्या. तेव्हा डिजिटल रुपयाला आभासी म्हणणं सरळ चूक आहे. तो रुपया आहे. 'डिजिटल रुपया' किंवा 'ई-रुपया' म्हणावं. फक्त 'ई-चलन' म्हणू नये, कारण तो शब्द वाहतूक पोलिसांच्या दंडाच्या पावतीने आधीच घेतला आहे. बँकेत भरायची स्लिप ती चलन, पोलिसांचा दंड तोही चलन (काही जण चलान म्हणतात), आणि पैसा तोही चलन. एवढी गर्दी पुरे आहे.

परीक्षकांनी सुचवलेलं 'कूटचलन' दिसायला नीटनेटकं आहे. सांकेतिक लिपीला कूटलिपी म्हणतात, त्यावरून ते बनलं. पण 'कूट' या शब्दाचा जुना संसार बघा. संस्कृतात कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार, कूटतुला म्हणजे खोटा तराजू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, कंटकशोधनाच्या अधिकरणात, 'कूटरूपकारक' येतो. तो म्हणजे खोटी नाणी पाडणारा. 'रूप' हे तिथे नाण्याचं नाव आहे. म्हणजे संस्कृत जाणणाऱ्या माणसाला 'कूटचलन' ऐकताच बनावट नाणं आठवेल, आणि बाकीच्यांना दाण्याचं कूट. आभासीने निकाल हळूच दिला होता. कूटाने तर थेट गुन्हाच दाखल केला. ज्यांना क्रिप्टोचा सगळा पसारा फसवणूक वाटतो त्यांनी तसं उघड म्हणावं, पुरावे द्यावेत. शब्दाच्या आडून म्हणू नये. माझं मत: बोलण्यात रुळलेला 'क्रिप्टो' घ्यावा, औपचारिक लेखनात 'क्रिप्टोचलन' लिहावं. त्यातलं 'चलन' वादग्रस्त आहे हे मान्य, पण ते मुलांना वाद घालायला उरू द्या.

आता ज्यासाठी तुमचा विषय ठरला, त्या पर्यावरणाकडे येतो. इथे 'आभासी'ने केलेलं नुकसान सगळ्यांत मोठं आहे. ज्या वस्तूला आपण भास म्हणतो तिच्यासाठी खरी वीज जळते. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजानुसार बिटकॉइनचा विजेचा वापर आता वर्षाला १०० टेरावॅट-तासांच्या वर आहे. आपल्या लाइट बिलाच्या भाषेत सांगायचं तर दहा हजार कोटी युनिटांहून जास्त. 'आभासी' हा शब्द ऐकून हा आकडा कोणाच्या डोक्यात येणं शक्यच नाही.

याला जोडून आणखी एक शब्द तपासायला हवा: 'मायनिंग'. मराठी बातम्यांत त्याचं 'खाणकाम' किंवा 'उत्खनन' झालेलं दिसतं. चंद्रपूरच्या माणसाला खदान म्हणजे काय आणि गोव्यातल्या माणसाला मायनिंग म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही: धूळ, ट्रक, पाण्याचे प्रश्न. बिटकॉइनमध्ये यातलं काही खणलं जात नाही. तिथे हजारो संगणक एक संख्या अंदाजाने शोधत असतात. साधारण दहा मिनिटांनी कोणाचा तरी अंदाज लागतो, त्याला नवी बिटकॉइन मिळतात आणि बाकीच्यांची त्या फेरीची वीज वाया जाते. सोन्याच्या खाणीची उपमा बिटकॉइनची कल्पना मांडणाऱ्या २००८च्या मूळ टिपणातच आहे, त्यामुळे तिचा दोष आपल्या अनुवादकांना देता येत नाही. पण उपमा नेमकी मोक्याच्या ठिकाणी फसते. खाणीत दुप्पट माणसं उतरवली तर जास्त सोनं निघू शकतं. इथे दुप्पट यंत्रं लावली तर दर २०१६ ब्लॉकनंतर (ब्लॉक म्हणजे एका फेरीत नोंदला जाणारा व्यवहारांचा गठ्ठा), म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, कोडंच तितकं अवघड केलं जातं. नाणी तेवढीच, वीज मात्र दुप्पट. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाहीत हे ठरलेलंच आहे. म्हणून 'खाणकाम' लिहू नये, 'मायनिंग' तसंच ठेवावं आणि एका वाक्यात त्याचा अर्थ सांगावा.

विषयात बिटकॉइनचं नाव घालावं असं मी आग्रहाने म्हणेन, कारण सगळं क्रिप्टो एका मापाने मोजता येत नाही. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या क्रिप्टोने सप्टेंबर २०२२मध्ये ही अंदाजाची शर्यत सोडून दिली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. बिटकॉइनमध्येही वीज कुठली, याला महत्त्व आहे. चीनमध्ये मायनिंग चालू होतं तेव्हा पावसाळ्यात यंत्रं सिचुआनच्या जलविद्युतेकडे हलवली जात. २०२१मध्ये चीनने बंदी घातल्यावर बरीच यंत्रं कझाकस्तानात गेली, जिथली बहुतेक वीज कोळशाची. त्या वर्षी तिथे विजेचा तुटवडा पडला. यात खरं खाणकाम कुठे झालं असेल, तर ते त्या कोळशाचं.

'हवामान बदल' की 'वातावरण बदल', हे लवकर आटोपतं. दोन्ही अधिकृतपणे चालतात: केंद्राच्या मंत्रालयाचं मराठी नाव 'पर्यावरण, वन आणि हवामान बदल', आणि महाराष्ट्र शासनाचा विभाग 'पर्यावरण व वातावरणीय बदल'. मी 'हवामान बदल'च्या बाजूने आहे. भूगोलात आपण रोजच्या स्थितीला 'हवा' आणि दीर्घकाळच्या सरासरीला 'हवामान' म्हणायला शिकलो. त्यातलं 'मान' हे पर्जन्यमानातलं, राहणीमानातलं मान आहे, सरासरी सांगणारं. ही सरासरी साधारण तीस वर्षांची धरतात. हवामान खातं रोजचा अंदाज देतं म्हणून शब्दाचा अर्थ थोडा सैल झाला आहे खरा, पण 'वातावरण' तर त्याहून सैल आहे. ते घरातलंही बिघडतं आणि निवडणुकीतही तापतं.

तेव्हा विषय असा ठेवून पाहा: 'बिटकॉइनचं मायनिंग जगाच्या हवामानाला परवडणारं नाही.' दोन्ही बाजूंना बोलायला भरपूर आहे आणि कोणताही शब्द आधीच निकाल देत नाही.

शेवटी लिंगाचं, कारण मुलं इथेही अडखळतील. 'बिटकॉइन विकला' की 'विकलं'? नाणं नपुंसकलिंगी, म्हणून मी 'ते बिटकॉइन', 'एक बिटकॉइन विकलं' असं लिहितो. रुपयाच्या ओढीने 'तो बिटकॉइन' म्हणणारेही बरेच भेटतात, त्यांचे गुण कापू नयेत.