शाळा तालुक्यात पहिली, मग आमचाच मुलगा मागे का?

हल्ली एक तक्रार माझ्याकडे वारंवार येते, आणि ती बहुतेक वेळा नाव काढलेल्या शाळांमधल्या पालकांची असते. शाळा वर चढली, पेपरात फोटो आला, आमचं पोरगं मात्र होतं तिथंच. म्हणजे खोट पोरातच, असा हिशेब घरात आधीच मांडून झालेला असतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून आलेल्या आईचं असंच होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात शाळा तालुक्यात पहिली आलेली, शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीतही तिथली मुलं. पटसंख्या वाढली, इंग्रजी माध्यमात गेलेली दोन-चार पोरं परत आली. या मुलाला मात्र शिष्यवृत्तीच्या जादा तासाला बसवलं नव्हतं. “मॅडम, त्याचे पप्पा म्हणतात, एवढ्या चांगल्या शाळेत याला येत नाही म्हणजे याच्या डोक्यातच काही नाही. नाहीतर घाला इंग्लिश मीडियमला.” हे ती मुलासमोरच बोलत होती. तो चपलेच्या पट्ट्याशी खेळत खाली बघत बसला होता. मी तिला थांबवलं आणि आधी त्याच्याशी बोलले.

पुस्तक काढ म्हटल्यावर त्यानं धडा धडाधड म्हणून दाखवला. आई सुखावली. पण त्याचं बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्याच ओळीवर होतं. धडा पाठ होता. मग मी त्यानं कधी न पाहिलेली, दुसरीच्या पातळीची छोटीशी गोष्ट समोर ठेवली. ‘विहिरीत’ हा शब्द तीन तुकड्यांत आला आणि तिसऱ्या तुकड्यापर्यंत पहिला विसरला. ‘रस्त्यावर’चं ‘रसत्यावर’ झालं. ‘घ’ आणि ‘ध’ची अदलाबदल होत होती. तीच गोष्ट मी वाचून दाखवली, तर एकूण एक प्रश्नाचं उत्तर बरोबर. वर “पण मॅडम, ती बकरी एकटी विहिरीकडं गेलीच कशाला?” हेही विचारलं. डोक्यात काही नसलेलं पोर असं विचारत नाही. त्याची गाडी अडत होती ती अक्षरावरून शब्दावर जाताना.

मग आईशी त्या पहिल्या नंबराबद्दल बोलले. नंबर खोटा नाही. त्या शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी मेहनत केली आहे, गावालाही ते माहीत आहे. पण तो कशाचा आहे हे पालकांना कुणी सांगत नाही. या अभियानाच्या २०२४ मधल्या दुसऱ्या टप्प्यात १५० गुण होते. त्यांतले ३३ पायाभूत सुविधांना, ७४ शासनाच्या ध्येयधोरणांच्या अंमलबजावणीला आणि ४३ शैक्षणिक संपादणुकीला. शिष्यवृत्तीच्या यादीत तर वरची मुलंच दिसणार. राष्ट्रीय पातळीवरची सर्वेक्षणंही नमुन्यादाखल घेतलेल्या काही शाळांतल्या काही मुलांची असतात. ४ डिसेंबर २०२४ ला झालेलं ‘परख’ सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीचं होतं. त्यातून जिल्ह्याचं, राज्याचं चित्र कळतं. तुमचा मुलगा जोडाक्षर वाचतो का, हे यातला कुठलाच आकडा सांगत नाही.

एक गोष्ट मला खटकते, ती सांगूनच टाकते. यादीत येऊ शकणाऱ्या पोरांवर शाळेचा वेळ जातो, आणि हे मुद्दाम कुणी करत नाही. ६० पटापर्यंत दोनच शिक्षक, पहिली ते पाचवी सगळे वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरणं. जादा तास कुणाचा घ्यायचा, याचं उत्तर नंबरच ठरवून टाकतो.

माध्यम बदलायचं वडिलांचं म्हणणं मी सरळ खोडून काढलं. घरात बोलतो त्या भाषेत जो शब्दाला अडखळतो, त्याच्यापुढे घरात कुणी न बोलणारी भाषा आणि तिचं स्पेलिंग ठेवून काय साधणार?

आईला म्हटलं, “ताई, ‘आमचा मुलगा कसा आहे?’ असं विचारू नका. ‘बरा आहे, लक्ष द्या’ एवढंच उत्तर मिळेल. वाचनात तो अक्षर, शब्द, वाक्य, उतारा यांतल्या कुठल्या पायरीवर आहे, आणि पुढची पायरी दिवाळीपर्यंत गाठायला आम्ही घरी काय करू, हे विचारा.” घरी रोज दहा-पंधरा मिनिटं, आईनं एक ओळ वाचायची, त्यानं तीच बोट ठेवून वाचायची. पाठ केलेला धडा बंद. चुकला तर पप्पांनी त्या वेळी खोलीत थांबायचं नाही, ही माझी अट.

आईनं शाळेत जाऊन हे विचारलं, तेव्हा वर्गाच्या बाईंनी नोंदवही काढली. तिथं तो ‘शब्द’ पातळीवर असल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं. फक्त आईपर्यंत कधी पोचलं नव्हतं. त्यांनी त्याला मधल्या सुट्टीआधी तिसरीच्या वाचन गटात बसवायला सुरुवात केली. चौथीचा मुलगा तिसरीत, म्हणून आजी रुसली. मुलाला स्वतःला त्याचं काही वाटलं नाही, तिथं त्याला वाचता येत होतं.

डोळे आणि कान तपासून झाले, दोन्ही ठीक. दिवाळीनंतर तो वाक्यं वाचायला लागला. जोडाक्षरं अजून अडतात, ‘घ’-‘ध’चा गोंधळही गेलेला नाही. एवढ्या सरावानंतर हे राहिलं, म्हणून अध्ययन अक्षमतेची (बुद्धी असूनही वाचन-लेखन अडतं, त्या अडचणीची) तपासणी करून घ्या, असं मी सुचवलं आहे. मराठीतून वाचन तपासणारी ‘डाली’ ही चाचणी आता उपलब्ध आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश असल्यानं पुढे परीक्षेत सवलतही मिळू शकते. गटसाधन केंद्रातल्या (शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रातल्या) विशेष शिक्षकांना भेटायचं आईनं ठरवलंय. वडील ‘दिव्यांग’ या शब्दाला बिचकले आहेत, त्यांना पुढच्या भेटीला घेऊन यायला सांगितलं आहे.