शिकेकाईने धुऊनही केस चिकट का राहतात?

शाम्पू सोडून तुम्ही शिकेकाई, रिठा आणि आवळ्याची तयार पूड भिजवून लावताय, पाणी बोअरचं आहे, आणि धुतल्यावरही केस मुळाशी चिकट अन् टोकाकडे राठ राहतात, असं तुम्ही विचारलंय.

आधी पूड बंद करा. ती पाण्यात पूर्ण विरघळत नाही. बारीक कण टाळूला चिकटतात आणि तेल धरून ठेवतात. मळ काढतं ते शिकेकाई-रिठ्यातलं सॅपोनिन, आणि ते पाण्यात उतरतं. म्हणून काढा करून गाळूनच वापरायचा.

खांद्यापर्यंतच्या केसांना एका वेळी सात-आठ शिकेकाईच्या शेंगा, चार-पाच रिठे आणि चमचाभर आवळकाठी पुरते. नाशिकमध्ये रविवार कारंज्याकडे काष्ठौषधींच्या, म्हणजे सुक्या जडीबुटींच्या दुकानात अख्खा माल मागा. रिठे फोडून काळ्या बिया काढून टाका, फेस सालीलाच येतो. केस कोरडे असतील तर अर्धा चमचा मेथी घाला, त्याहून जास्त नको. काढा बुळबुळीत होऊन गाळता येत नाही. सगळं रात्री तीन पेले पाण्यात स्टीलच्या पातेल्यात भिजवा. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो. सकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळा, पण समोरून हलू नका, रिठा दुधासारखा उतू जातो. कोमट झाल्यावर हाताने कुस्करून जुन्या सुती धोतराच्या फडक्यातून गाळा. पिठाच्या चाळणीतून बारीक चोथा खाली येतोच.

केस आधी पूर्ण ओले करा. निम्मा काढा फक्त टाळूवर ओतून दोन-तीन मिनिटं बोटांनी चोळा, धुवा, मग उरलेला ओता. फेस पातळच येतो, तो कमी वाटला म्हणून रिठे वाढवू नका. टोकं राठ होण्याचं तेच मोठं कारण. आदल्या रात्री वाटीभर खोबरेल थापलं असेल तर कुठलाही काढा ते काढू शकत नाही. एक-दोन चमचे तेल पुरे. मान मागे टाकूनच धुवा, रिठा डोळ्यांत गेला तर भयंकर झोंबतो. गेलाच तर लगेच साध्या पाण्याने भरपूर धुवा.

आता पाणी. बोअरच्या पाण्यातले क्षार केसांवर बसतात. घरात महापालिकेच्या नळाचं, म्हणजे धरणाचं पाणी येत असेल तर शेवटच्या दोन बादल्या त्याच्या घ्या. नसेल तर लिटरभर पाण्यात अर्धं लिंबू गाळून पिळा, केसांवरून सोडा आणि साध्या पाण्याने एकदा धुवा. आरओ फिल्टरच्या नळीतून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी काटकसर म्हणून केसांना वापरू नका, त्यात क्षार उलट जास्त असतात. खायचा सोडाही नको. तो केस आणखी राठ करतो.

उरलेला काढा फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. आंबूस वास आला की ओतून द्या.