तो कुठलं दृश्य मागे नेऊन पाहतो?

"मॅडम, हा असलं काहीतरी बघतो. हाही तसाच होईल का?" मुलांची समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आई खुर्चीत टेकायच्या आधीच ओळखू येतो.

या वेळी 'असलं काहीतरी' म्हणजे 'स्कम'. ब्रिटनमधल्या बोर्स्टलवरचं, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या कोठडीवजा सुधारगृहावरचं टीव्ही नाटक. बीबीसीने १९७७ मध्ये करवून घेतलं आणि स्वतःच दाखवायचं नाकारलं. त्याच लेखक-दिग्दर्शकांनी १९७९ मध्ये त्यावर चित्रपट केला. मूळ नाटक टीव्हीवर यायला १९९१ उजाडलं. तोवर बोर्स्टल पद्धतच १९८२ च्या कायद्याने बंद झाली होती. चित्रपट प्रौढांसाठीच आहे, पंधरा वर्षांच्या मुलाने पाहावा असा नाही. हे मी त्याला सांगितलं, पण पहिल्याच भेटीत नाही.

आईला धास्ती होती ती त्यातल्या, मोज्यात बिलियर्डचे चेंडू घालून केलेल्या मारहाणीची. मी मुलाला एवढंच विचारलं, "तू कुठलं दृश्य मागे नेऊन पुन्हा बघतोस?"

तिसऱ्या भेटीत उत्तर आलं. "तो मुलगा रात्री कोठडीत बेल दाबतो ना, ते. कुणी येतच नाही."

"तू दाबलीस कधी बेल?"

तो बराच वेळ दप्तराची चेन उघडत-मिटत राहिला. "दोनदा. शाळेच्या बसमध्ये मोठी मुलं त्रास देतात. बाबा म्हणाले, तूही दोन ठेवून दे."

इतकी वर्षं हे काम करतेय, तरी त्या क्षणी घशात काहीतरी दाटलं. आई पडद्यावरून घरात काय शिरतंय ते शोधत होती, आणि मुलगा घरात जे सांगता आलं नाही ते पडद्यावर शोधत होता. मुलाच्या वागण्याला नाव ठेवण्याआधी त्याचा अर्थ विचारावा, हे माझं ठाम मत आहे आणि त्याने मला क्वचितच दगा दिलाय.

म्हणून पालकांना सांगते, फोन हिसकावून घेऊ नका. मूल कुठे थांबतं, कुणाच्या बाजूने बोलतं, ते विचारा. नको त्या वयात नको ते पाहिलं असेल तर तेही स्पष्ट सांगा, पण ऐकून झाल्यावर. आणि मूल त्रासाबद्दल एक वाक्य बोललं तर 'तूही मार' म्हणून विषय मिटवू नका. शाळेत स्वतः जा.

पुढच्या भेटीला बाबा आले. मुलाने आपणहून त्यांच्या शेजारची खुर्ची घेतली. बाबा म्हणाले, "परत सांग. बसमध्ये काय झालं?"