पार्सर (फाइलींतून आकडे वेचणारा प्रोग्राम) आधी लिहू की मेटाडेटा (आकड्यासोबत नोंदवायची माहिती) आधी ठरवू?
जळगावात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी क्वांटम एस्प्रेसो आणि व्हास्प या पदार्थांची ऊर्जा संगणकावर काढणाऱ्या प्रोग्रामांच्या फाइलींमधल्या ऊर्जा एकत्र करायच्या आहेत ना? मग आधी मेटाडेटा ठरवा. आपल्याकडे कापसाचा भाव क्विंटलने, रुईचा खंडीने. नुसता आकडा काय कामाचा? एस्प्रेसो एकूण ऊर्जा रिडबर्गमध्ये देतो, व्हास्प इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये (१ रिडबर्ग = १३.६०५७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट). एककासोबत प्रोग्रामची आवृत्ती, फंक्शनल (इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या परिणामाचं अंदाजी सूत्र), स्यूडोपोटेन्शियल (अणुकेंद्र आणि आतल्या इलेक्ट्रॉनांऐवजी वापरलेलं सोपं रूप), कटऑफ (गणितात घेतलेल्या लहरींची ऊर्जा-मर्यादा) हेही नोंदवा. स्यूडोपोटेन्शियल वेगळे असतील, तर एकक जुळवूनही एकूण ऊर्जांची थेट तुलना करू नका, ही चूक फार होते!

पार्सरचं म्हणाल तर एस्प्रेसोत स्थिरावलेली ऊर्जा ‘!’ने सुरू होणाऱ्या ओळीत सापडते. रचना शिथिल करताना (अणू सरकवत कमी ऊर्जेची मांडणी शोधताना) अशा अनेक ओळी येतात, सगळ्या क्रमाने साठवा. व्हास्पची मात्र एक्सएमएल फाइलच वाचा.