दोष तुझ्या प्रतिकारशक्तीचा नाही

‘ताई, माझं वय २४, लग्नाला दीड वर्ष झालं. अंगावरून हिरवट, वास येणारं पाणी जायचं, खाज सुटायची. डॉक्टरांनी तपासून ट्रायकोमोनास सांगितलं. गोळ्यांनी बरं वाटलं, पण दोन महिन्यांत पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, तुझ्यात प्रतिकारशक्तीच नाही. मी रोज जंतुनाशकाने आतून धुते. नवरा गोळ्या घेत नाही; म्हणतो, मला कुठे काय होतंय? त्याचं बाहेर काही असेल का?’
– एक वाचक, सोलापूर

लेकी, आधी ते धुणं थांबव. आजच. दह्यात असतात त्याच कुळातले लॅक्टोबॅसिलस जंतू आपल्या योनीत राहतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि बाहेरून आलेल्या बऱ्याच जंतूंना तिथे टिकता येत नाही. ही तुझी पहिली राखण, आणि जंतुनाशकाने तीच धुऊन जाते. (पण म्हणून तिथे दही लावायचं नाही, कुणी कितीही सांगो.) बाहेरून साधं पाणी पुरे.

ट्रायकोमोनास हा शरीरसंबंधातून पसरणारा एकपेशीय परजीवी. तो आला की हे चांगले जंतू घटतात, सामू वाढतो, आतल्या नाजूक अस्तराला सूज येते. तुझं शरीर गप्प बसलेलं नसतं, लढायला पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात. पण त्यांतल्याच काही पेशींमधून एचआयव्ही शरीरात शिरतो. म्हणूनच अशी सूज अंगावर काढायची नसते. शिवाय कोवळ्या वयात गर्भाशयाच्या मुखावरच्या नाजूक पेशी जास्त उघड्या असतात, त्यामुळे क्लॅमिडिया आणि गनोरिया हे संबंधांतून होणारे संसर्गही लवकर लागतात, आणि बहुतेकींना क्लॅमिडियाचं एकही लक्षण दिसत नाही.

ट्रायकोमोनास एकदा होऊन गेला तरी पुन्हा होतो. च्यवनप्राशाने तो थांबणार नाही. तुझ्या नवऱ्याने गोळ्या घेतल्या नाहीत, म्हणून तुला तो पुन्हा झाला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पुरुषांना बहुधा काहीच त्रास होत नाही, पण त्यांच्याकडून लागण होतच राहते. औषध दोघांनी एकाच वेळी घ्यायचं, आणि दोघांचंही पूर्ण होऊन त्रास थांबेपर्यंत संबंध नाही. तो ऐकत नसेल तर निरोध. तोही नको म्हणाला तर तुझा नकार पुरेसा आहे. जबरदस्ती केली तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन कर.

त्याचं बाहेर काही आहे का, ते या रिपोर्टवरून कळत नाही. ही लागण महिनोन्‌महिने लपून राहते, लग्नाआधीची, कुणाचीही असू शकते. शंका मनात ठेवून कुढू नकोस, त्याला सरळ विचार. पण भांडणापायी उपचार लांबवू नकोस.

सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, तपासणी आणि औषध मोफत मिळतं. पत्ता हवा असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर विचार. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी दोघांनीही करा. तीन महिन्यांनी तू ट्रायकोमोनासची पुन्हा कर. दिवस राहिले असतील तर डॉक्टरांना आधीच सांग. या संसर्गाने बाळंतपण वेळेआधी होण्याचा धोका वाढतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या एचपीव्हीच्या लशीबद्दलही त्याच भेटीत विचार, तुझ्या वयात ती घेता येते.

आणि सासूबाईंना रिपोर्ट दाखवायलाच हवा असं काही नाही. तो तुमच्या दोघांचा आणि डॉक्टरांचा.