भोसरीतल्या वर्कशॉपच्या 14 मशीन नेटला जोडायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न असा आहे: 9 सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) आणि 5 जुन्या मशीन आहेत, कोणती किती वेळ चालली, किती वेळ उभी राहिली आणि किती वीज खाल्ली हे ऑफिसात बसून दिसायला हवं. एका विक्रेत्याने डॅशबोर्ड आणि वार्षिक क्लाउड वर्गणीचं कोटेशन दिलंय, ते घ्यावं का?

आत्ता घेऊ नका. डॅशबोर्ड ही सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे. मी इन्स्ट्रुमेंटेशनची, गेली 11 वर्षं कारखान्यांत हेच काम करते. बंद पडलेल्या कामांत दोष स्क्रीनमध्ये क्वचितच निघाला. तो निघाला केबल ट्रेमध्ये, अर्थिंगमध्ये, नाहीतर घड्याळात.

चाकणजवळच्या एका कारखान्यात आम्ही 12 एनर्जी मीटर एकाच आरएस-485 लाइनवर (अनेक उपकरणांना एकाच केबलवरून बोलू देणाऱ्या जोडणीवर) घेतले होते. सकाळी सगळे बोलायचे, आणि साडेनऊच्या सुमारास शेवटचे चार गप्प व्हायचे. मीटर बदलून पाहिले, गेटवे (मीटरचे आकडे गोळा करून नेटवर पाठवणारा डबा) बदलला. तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन पॅनेलसमोर स्टूल टाकून बसले. बाहेर कॉम्प्रेसरचा आवाज चढला, की स्क्रीनवर टाइमआउट, म्हणजे मीटरचं उत्तर न येणं, सुरू. कॉम्प्रेसर थांबला, की मीटर परत बोलायला लागायचे. ट्रेचं झाकण काढलं तर आमची सिग्नल केबल कॉम्प्रेसरच्या व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या, विजेचा गोंगाट करणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलला जवळजवळ 20 मीटर टाय मारून बांधलेली. ती आमच्याच माणसांनी ओढली होती. वर शील्डला, म्हणजे केबलच्या तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाला, दोन्ही टोकांना अर्थ दिलेला, त्यामुळे त्यातून करंट फिरत होता. केबल वेगळ्या ट्रेमधून घेतली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केली, लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर लावले. त्यानंतर एकही मीटर गप्प झाला नाही.

म्हणून केबलवर पैसे वाचवू नका. पिळाची, शील्डवाली केबल घ्या. ती मशीनची वीज मोजणाऱ्या एका मीटरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळीने न्या, मधूनच फाटे काढू नका. या पद्धतीत एका लाइनवर 32 उपकरणं आणि कमी वेगाला 1200 मीटरपर्यंत अंतर चालतं, म्हणजे तुमच्या शेडला ते भरपूर झालं. 9600चा बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) ठेवा, मीटर वाचायला त्याहून जास्त लागत नाही.

मीटर मॉडबसवर बोलतील. ही 1979 सालची भाषा आहे, साधी आहे आणि अजून टिकून आहे. नवखा माणूस दोन ठिकाणी हमखास अडकतो. मॅन्युअलमध्ये रजिस्टरचा (मीटरमध्ये आकडा ठेवण्याच्या कप्प्याचा) नंबर 40001 लिहिलेला असतो आणि प्रत्यक्षात मागायचा असतो शून्य क्रमांक. दुसरं, दशांशातला आकडा दोन रजिस्टरमध्ये विभागलेला असतो, त्यांचा क्रम उलटा धरला तर 230 व्होल्टच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं. मीटरच्या डिस्प्लेवरचा आकडा आणि लॅपटॉपवरचा आकडा शेजारी धरून जुळवा. ते जुळल्याशिवाय पुढच्या मीटरला हात लावू नका.

पाच जुन्या मशीनसाठी नवे कंट्रोलर घ्यायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्यांच्यावर तीन रंगांचा टॉवर लॅम्प असेल तर तुमची निम्मी माहिती तिथेच आहे: हिरवा म्हणजे सायकल चालू, पिवळा म्हणजे थांबलेली, लाल म्हणजे अलार्म. बहुतेक ठिकाणी हे दिवे 24 व्होल्ट डीसीवर असतात, पण आधी मल्टिमीटर लावून खात्री करा. त्या तारांना समांतर जोड घेऊन ऑप्टो-आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणाऱ्या) इनपुटमध्ये द्या. मशीनच्या मूळ वायरिंगला धक्का लागत नाही. दिवा नसेल तर स्पिंडल मोटरच्या एका फेजवर सीटी (तारेभोवती बसून करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) बसवा, करंटवरून मशीन चालू की उभी ते कळतं.

आता घड्याळ. यावर थोडं जास्त लिहिते, कारण इथे माणसांचं नुकसान होतं. लाइट जाते, येते, गेटवे रीस्टार्ट होतो. आत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसेल आणि त्या क्षणी नेटही नसेल, तर तो 1 जानेवारी 1970, पहाटे साडेपाच वाजता जागा होतो आणि त्याच वेळेचा शिक्का मारून नोंदी पाठवत राहतो. एका ठिकाणी याहून वाईट झालं. रात्री नेट गेलं, गेटवेत साठवण्याची सोय नव्हती, आणि सकाळी अहवालात तीन तास ‘मशीन उभी’ असं आलं. रात्रपाळीच्या ऑपरेटरला जाब विचारला गेला. त्याने त्या रात्रीचे पार्ट मोजून दाखवले, तेव्हा विषय मिटला. पण तो मुलगा नंतर कितीतरी दिवस त्या डब्याकडे शत्रूसारखं बघत होता, आणि मला ते फार लागलं.

हे टाळता येतं. गेटवे आणि राउटरला छोटा यूपीएस द्या. नोंदीला वेळ गेटवेतच लागली पाहिजे, सर्व्हरला पोहोचल्यावर नाही. नेट नसताना गेटवेने किमान दोन-तीन दिवसांच्या नोंदी स्वतःजवळ ठेवून मग पाठवायला हव्यात. माहिती पाठवायला एमक्यूटीटी ही संदेशांची पद्धत वापरा. 1999 साली तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहातून नजर ठेवण्यासाठी ते बनलं, म्हणजे तुटक्या नेटसाठीच. त्यात ‘लास्ट विल’ नावाची सोय आहे: गेटवेचा संपर्क तुटला की ब्रोकर (संदेश घेऊन वाटणारा सर्व्हर) स्वतःच तसं जाहीर करतो. स्क्रीनवर ‘मशीन उभी’ आणि ‘माहिती नाही’ हे दोन वेगळे रंग असलेच पाहिजेत, यावर विक्रेत्याशी अजिबात तडजोड करू नका. आणि डबा बसवण्याआधी तिन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरना जवळ बोलावून सांगा की हा काय मोजतो आणि काय मोजत नाही.

नेटचा बोजा किरकोळ आहे. दर 10 सेकंदांनी एक नोंद धरली तर एका मशीनच्या दिवसाला 8,640, चौदांच्या 1,20,960. प्रत्येकी शंभर बाइट धरले तरी दिवसाला सुमारे 12 एमबी. सिमवरही भागतं, फक्त मॉडेम 4जीचं घ्या.

ऑफिसचं वायफाय आणि मशीनचं जाळं मात्र वेगळं ठेवा, निदान वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच जाळ्यात आखलेल्या वेगळ्या भागावर). डब्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. 2016 साली मिराई नावाच्या मालवेअरने अशाच न बदललेल्या पासवर्डमधून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. साध्या मॉडबसला तर पासवर्डच नसतो, म्हणून बाहेरून बघायची सोय हवी असेल तर व्हीपीएन (नेटमधून जाणारी सुरक्षित खाजगी वाट) लावा, राउटरवर पोर्ट उघडून देऊ नका.

आणि विक्रेत्याकडून एक गोष्ट लेखी घ्या: सगळ्या नोंदी तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवरही येतील आणि वर्गणी बंद केली तरी जुन्या नोंदी सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) मिळतील. तो हो म्हणाला तर त्याच्याशी पुढे बोलायला हरकत नाही.

गुरुवारी सुट्टी असते तेव्हा शेडचा नकाशा कागदावर काढा. प्रत्येक मशीनला कायमचा नंबर द्या. ‘नवी व्हीएमसी’ असं नाव ठेवू नका, दोन वर्षांनी दुसरी नवी येईल. पॅनेल, केबल ट्रे, व्हीएफडी आणि कॉम्प्रेसर कुठे आहेत ते दाखवा. तो नकाशा आणि मीटरचं मॉडेल इथे टाकलंत, तर लाइन कुठून ओढायची ते मी खुणा करून देईन.